लिहून आणा

सत्यशीलाच्या लेकीला तिसऱ्या वर्षी तापात दोनदा झटके आले होते. आता पोर सात वर्षांची झाली, नंतर एकदाही झटका नाही, तरी शाळेत खो-खोच्या तासाला मॅडम तिला पायरीवर बसवायच्या. म्हणाल्या, "डॉक्टरचं लिहून आणा." चुडाव्याहून परभणीला तीन चकरा मारून सत्यशीलानं चिठ्ठी आणली. तापातले झटके वय वाढलं की थांबतात, मेंदूला काही झालेलं नाही, पोरीला खेळू द्या, असं तीत स्वच्छ लिहिलं होतं. मॅडमनं ती सगळी वाचली. "पण पुन्हा येणारच नाहीत, याची गॅरंटी कुठं लिहिलीय?" सत्यशीला थकल्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मैदानावर चाळीस लेकरं हायेत. त्यातल्या कोणाची गॅरंटी लिहून घेतली तुमी?" मॅडम चिठ्ठीची घडी घालत राहिल्या. सत्यशीलानंच लेकीला हाताला धरून मैदानात सोडलं. "पळ माय. पडलीस तर पडलीस."