तळेवस्तीची अडतीस माणसं

"तुझी तळेवस्ती माझं मॉडेल बिघडवतेय," अनीश स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाला. "दिवाळीच्या सुमारास आजूबाजूच्या सगळ्या वस्त्या ऊसतोडीला जातात. तुझ्या वस्तीवर मात्र जानेवारीतही अडतीस माणसं जेवतायत. घरबसल्या आकडे ठोकतेस की काय?"

लीनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दर मंगळवारी अकराही घरांना फोन करते मी. स्वतः!"

नगरच्या त्या ऑफिसात त्यांनी अख्खा तालुका संगणकात उभा केला होता. पाऊस किती, ज्वारी किती पिकली, कुठल्या घरी किती तोंडं, एवढं भरलं की पुढच्या महिन्यात धान्य कुठं कमी पडणार ते आधीच दिसायचं. त्यावरून ज्वारीचे टेम्पो सुटायचे. दहापेक्षा कमी माणसं असली की त्या वस्तीचा टेम्पो बंद. मग धान्यासाठी मिरजगावपर्यंत पायपीट. माहिती मिळावी म्हणून ऑफिसनंच प्रत्येक घराला एक साधा मोबाईल दिला होता.

"मग जाऊन बघ," अनीश म्हणाला. "खोटं निघालं तर टेम्पो बंद."

लीना एसटीत बसली. खरं सांगायचं तर त्या मंगळवारांवरच तिचा आठवडा निघायचा. नगरला येऊन वर्ष झालं, पण भाड्याच्या खोलीवर जेवलीस का म्हणून विचारणारं कुत्रं नव्हतं. विचारायची ती तळेवस्तीची जया. पुरुषमाणसं कधी फोनवर यायची नाहीत, कायम आपली रानात. बोलायच्या त्या बायकाच. बनुबाई सुनेची उणीदुणी काढायची. कडूबाई फटकळ, पण माया करायची. आणि जया तर काय विचारता! बाळाला दात आला, बाळ भिंत धरून उभं राहिलं. सांगता सांगता अर्धा तास जायचा. एक झुंबरबाईच तेवढी घुमी. "एकटीच हाय. बरं हाय. ठिवते." संपलं बोलणं.

लीना वस्तीवर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पिशवीत जयाच्या बाळासाठी झबलं होतं. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. दहा दारं, दहा कुलपं. अकराव्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी ज्वारी निवडत बसली होती.

"झुंबरआजी ना? मी लीना, नगरची. माणसं कुठायत सगळी?"

म्हातारीचा हात सुपातच थांबला. "उसाला गेल्यात. कोपरगावाकडं. दिवाळीच्या आधीच."

"आणि जया? तिचं बाळ?"

"समदी गेली, बाई. घरातलं सामानसुमान, किल्ल्या, तुमचं मोबाईल, समदं माझ्यापाशी ठिवून."

"अहो, असं कसं? परवाच तर बोलली ती माझ्याशी. चांगला अर्धा तास!"

झुंबरबाईनं सूप बाजूला ठेवलं. मग तिनं मान खाली घातली आणि जयाच्या कोवळ्या, हसऱ्या आवाजात म्हणाली, "टेम्पो बंद केला तरी चालंल, ताई. मंगळवारचा फोन तेवढा बंद करू नगा."