दांडी लावलेला समोसा

कुलथेकाकांनी गवसणीतून बलालायका काढली आणि फरसाणवाल्या शेठजींच्या काउंटरवर अलगद ठेवली. विमान कारखान्याने रशियात शिकायला धाडलं होतं, तेव्हा आणलेलं हे त्रिकोणी तंतुवाद्य त्यांचा जीव की प्राण. घरी आणलं त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "अगंबाई, समोसाच की हा, दांडी लावलेला!" काका आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

आता काकांसह ओझरच्या त्याच कारखान्यातल्या चौदा निवृत्त कामगारांचा रशियन वाद्यवृंद तारांवाचून अडला होता. तारा मॉस्कोहूनच मागवाव्या लागत आणि तेवढे पैसे कुणाकडे नव्हते. आमदारांपासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांचे उंबरे झिजवून झाले होते. शेठजींशी ओळख काकूंची, म्हणून आज त्याही सोबत होत्या.

काकांनी तीनपैकी उरलेल्या दोन तारांवर एक लोकधून वाजवली. शेठजींचं लक्ष सुरांकडे नव्हतंच. ते मान तिरकी करून वाद्याचा आकार न्याहाळत होते.

"काका, हा तर डिट्टो आपला समोसा! सगळा खर्च माझ्याकडे लागला. फक्त दर कार्यक्रमाला माईकवर तुम्ही स्वतः तसं सांगायचं. जमेल?"

काकांचे कान लाल झाले. तुटून लोंबणारी तार त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "न जमायला काय झालं? आहेच तो समोसा. दांडी लावलेला."

शेठजींनी चवीला दिलेल्या समोशाचा कोपरा काकूंनी मोडला.

"अहो, मी हेच एकेचाळीस वर्षांपूर्वी फुकटात सांगितलं होतं."