लाडकं पुस्तक

आईच्या माघारी तिच्या स्वयंपाकाच्या पुस्तकांची वाटणी निघाली आणि दोघी लेकी एकाच पुस्तकावरून हमरीतुमरीवर आल्या. बाकीची सगळी कोरी करकरीत, हे एकच तेलाच्या डागांनी माखलेलं. म्हणजे आईचं सगळ्यात लाडकं!

"ताई, अहो, ते पुस्तक…" चहाचा ट्रे घेऊन आलेली सून चाचरली.

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका. आईच्या वस्तूचं मोल लेकीलाच कळतं!"

थोरलीने हिसका मारला, धाकटीने काही सोडलं नाही. शिवण उसवली आणि पहिलं पान गळून सुनेच्या पायाशी पडलं.

'पोरी, काही अडलं तर यात बघ. – आई.'

 

अक्षर सुनेच्या आईचं होतं.