आईचा फोटो

१९५५ साली बेसबॉलचा संघ सरावासाठी फ्लोरिडात उतरला आणि पोर्तो रिकोहून आलेल्या दोन सख्ख्या भावांची ताटातूट झाली. रंगाने उजळ एलादिओला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळाली. सावळ्या नासारिओची सोय काळ्यांच्या वस्तीत, एका बाईच्या घरी झाली. एलादिओला इंग्रजी येत नव्हतं. हॉटेलात आठवडाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही.

“काल काय जेवलास?” त्याने मैदानावर भावाला विचारलं.

“तळलेली कोंबडी आणि भात. मग अंगणात डॉमिनोचे डाव. आणि आपण, गोरेसाहेब?”

“उकडलेला बटाटा. भिंतीकडे बघत.”

त्या संध्याकाळी संघाचा मॅनेजर खोलीवर आला. त्याला थोडी स्पॅनिश येत होती.

“मला भावाकडे राहायला पाठवा,” एलादिओ म्हणाला.

“वेडा आहेस का? तू गोरा आहेस.”

एलादिओने पाकिटातून आईचा फोटो काढून दाखवला. आई नासारिओपेक्षाही काळी होती. मॅनेजरने घाईघाईने दार लावलं.

“लपव तो आधी. हॉटेलवाल्यांनी पाहिला, तर आत्ताच्या आत्ता बॅगेसकट त्या वस्तीत पाठवतील तुला.”

एलादिओने त्याचे मनापासून आभार मानले, बॅग भरली आणि फोटो हातात धरून तो खाली काउंटरपाशी जाऊन उभा राहिला.