एक ते चाळीस

बापानं जपलेले कॉमिक्सचे चाळीस अंक वाटायचे होते. आमच्यात थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, ही रीत. मी आधी उचलणार म्हणून माझा थोरला भाऊ उत्तरेश्वर जळला आणि त्यानं सगळे विषम अंक एका वाट्यात घातले, सम दुसऱ्यात. मी विषम उचलले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद हाय.

माझे वीस मी एका ऑनलाइन लिलावाच्या साइटवाल्याकडं पाठवून लिलावाला लावले. उत्तरेश्वरनं मुद्दाम तिच्या वैऱ्याची साइट धरली. माझा साइटवाला फोनवर त्या साइटला शिव्या घालायचा आणि म्हणायचा, "एक ते चाळीस पुरा संच आमच्याकडं आणा, त्यांच्यापेक्षा पाचपट भाव काढून देतो."

उत्तरेश्वरच्या दारात हात पसरण्यापेक्षा मेलेलं बरं. मी खोट्या नावानं त्याच्या साइटवर बोली लावली आणि सगळे सम अंक जिंकले. माझे मात्र लिलावातून काढायचेच राहिले, अन् 'ढाण्या वाघ' नाव लावलेल्या कोण्या येड्यानं तेवढ्यात ते नेले. म्हटलं, त्याला गाठून परत घेऊ.

पार्सल आणायला वडवणीच्या कुरिअर ऑफिसात गेलो, तर उत्तरेश्वर तिथं आपलं खोकं फोडून बसलेला.

"तू कावून आलास बे?" तो खेकसला.

माझ्या खोक्यात त्याचे सम होते, त्याच्या मांडीवर माझे विषम.