हेझेलची खोट

एल्डनने वांझ गाय आपल्या गळ्यात मारली, याबद्दल व्हर्लिनच्या मनात शंका नव्हती. शेजारच्या त्या गोठ्यात दर वसंतात वासरं बागडायची आणि ती बघून याचं पित्त खवळायचं. ती गाय, हेझेलसुद्धा तिथे होती तोवर दरवर्षी व्यायची. याच्याकडे आल्यापासून गाभणच राहिना. शेवटी त्याने तिला कत्तलखान्यात धाडलं आणि तिची अंडाशयं कॉफीच्या थर्मासमध्ये घालून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, पुतणीकडे नेली.

"खोट शोधून दे, ब्रिन. त्या एल्डनच्या तोंडावर फेकायचीय."

काही दिवसांनी ब्रिनने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दोन बशा दाखवल्या. दोन्हींत हेझेलच्याच अंडाशयातल्या पेशी. पहिलीत तुरळक, मरतुकड्या. दुसरीत दाटीवाटीने वाढलेल्या.

"हिच्यात कसलं औषध घातलंस?"

"औषध नाही काका, साखर. पेशींत खोट नाहीच. पहिल्या बशीतल्या नुसत्या उपाशी आहेत."

"म्हणजे हेझेल उपाशी होती? माझ्या गोठ्यात? दाणावैरण तिच्यापुढून कधी हलली नाही!"

"खाल्लेलं सगळं दुधात जात होतं. एल्डनकाका दिवसातून दोनदा धार काढायचे, तुम्ही तीनदा. अंडाशयाला उरणार काय?"

 व्हर्लिनने डोक्यावरची टोपी सारखी केली. यंदाच्या जत्रेत मिळालेली, सोनेरी अक्षरांची: 'जिल्ह्यात सर्वाधिक दूध'.

"पण एल्डनचा दुसराच नंबर आला ना," तो म्हणाला.