मॅडमची खुर्ची

चंद्रिकाने कोपऱ्यातली खुर्ची उचलली आणि सरळ दारात नेऊन ठेवली.

"आज्जी, पायरीवर नका बसू. गुडघे दुखतात ना तुमचे? खुर्चीत बसा."

केराबाई नातीला, सृष्टीला, डान्स क्लासला घेऊन यायची आणि दीड तास दारातल्या पायरीवर बसून राहायची. तिने खुर्चीकडे पाहिलं अन् पदर सावरला. "आगं बया! ही मोठ्या मॅडमची न्हवं का? नगं बाई."

"बसा हो. खुर्ची बसायलाच असते की."

केराबाई बसली, पण टोकावर, कुणी उठवायला येईल अशी.

चंद्रिका बोलून गेली खरी, पण सात आठवड्यांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. तीसुद्धा नाही. भरतनाट्यमचा हा क्लास सिद्धेश्वरी मॅडमचा. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये गेला म्हणून समाजमंदिराच्या या हॉलवर चंद्रिका बदलीवर आली. बदलीवर जाणं हेच तिचं काम. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरी लग्न, कुणाची कंबर धरलेली. सोलापुरातल्या निम्म्या क्लासेसच्या किल्ल्या तिच्या पर्समधून फिरून गेल्या होत्या. आणि बावीस वर्षांत 'माझी' म्हणावी अशी एक मुलगी नव्हती. पहिल्याच दिवशी मॅडमनी फोनवर बजावलं होतं, "माझी खुर्ची राहू दे हं कोपऱ्यात. क्लास सुटताना मुली तिच्याच पाया पडतील. सवय मोडायला नको." चंद्रिका बरं म्हणाली. बदलीच्या बाईला नाही म्हणायची सोय नसते.

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसहाला एकोणीस मुली रांग लावून निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाया पडत होत्या. पहिल्या दिवशी, आशा वेडी असते म्हणतात ना, चंद्रिकाने आपलं पाऊल जरासं पुढे केलं होतं. रांग तिला वळसा घालून गेली. ते पाऊल मागे घेताना तिला जे वाटलं, ते वैऱ्यालाही वाटू नये.

आज तिचा इथला शेवटचा दिवस. सोमवारी मॅडम येणार होत्या आणि तिला मंगळवारपासून अकलूजला, दुसऱ्या कुणाच्या जागी जायचं होतं. म्हणून तर तिच्या मनात जरा काळंबेरं आलं होतं. आज्जींचे गुडघे खरे, पण ते निमित्त. खुर्चीच कोपऱ्यात नसली तर मुली कुणाच्या पाया पडतील? एकदाच पडू देत. देवा, एकदाच.

"चला, अर्ध्या बैठकीत!" तिने लाकडी ठोकळ्यावर काठी वाजवली. शेजारच्या यंत्रमागाचा खडखडाट चालूच होता. काठीला त्याच्या वरताण वाजावं लागायचं. पहिली लय झाली, दुसरी झाली. तिसरी सगळ्यात जलद, आणि तिथं सृष्टी रोज गळायची. सात आठवडे चंद्रिकाने तिच्यासमोर जमिनीवर बसून, तिच्या टाचा हातांनी धरून फरशीवर टेकवल्या होत्या. आज त्या पोरीचा पाय शेवटच्या ठोक्यापर्यंत चुकला नाही.

"जमलं की गं!" चंद्रिका ओरडलीच. दारात केराबाईने कानशिलावर बोटं मोडली.

साडेसहा वाजले. चंद्रिका नेमकी त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही पावलं जुळवून.

रांगेत पहिली काव्या होती. ती कोपऱ्यापाशी आली, थांबली आणि इकडेतिकडे पाहू लागली. "ए, खुर्ची तिकडं आहे, दारात!" असं तिने म्हणायचा अवकाश, सगळी रांग गर्रकन वळली.

केराबाईला काही कळायच्या आत मुली तिच्यासमोर वाकायला लागल्या. "आगं, आगं! माज्या कशाला? म्या काय शिकिवलंय तुमास्नी?" ती आपले भेगाळलेले पाय वर वर ओढत होती आणि त्या गुणी पोरी खाली हात घालून खुर्चीचे पाय शिवत होत्या, चपला घालत होत्या, पळत होत्या. चंद्रिकाला हसू फुटलं. बरी खोड मोडली, ती स्वतःला म्हणाली.

शेवटी सृष्टी उरली. ती वाकणार तोच केराबाईने तिचा दंड धरला आणि दुसरा हात गुडघ्यावर देत उठली.

"बाई, हिकडं या. बसा हितं."

"अहो आज्जी, ती मॅडमची..."

"मगाशी तुमीच म्हनला की, खुर्ची बसायलाच असती."

चंद्रिका येऊन बसली. सृष्टी वाकली, तसे चंद्रिकाचे पाय आपसूक मागे, खुर्चीखाली गेले. बावीस वर्षांची सवय ती. सृष्टीचाही हात सवयीने प्लास्टिकवरच पडला.

"पाय का चोरताय?" केराबाई खेकसली. "म्होरं घ्या की!"

चंद्रिकाने पाऊल पुढे केलं. घामेजलेली लहान बोटं त्याच्यावर टेकली. या घटकेसाठी तिने एक चांगला संस्कृत आशीर्वाद कित्येक वर्षं पाठ करून ठेवला होता. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ.

"टाच," ती कशीबशी म्हणाली. "सोमवारी मॅडमसमोर... टाच पूर्ण टेकव हं, बाळा."

"हो बाई," सृष्टी म्हणाली आणि उठायला गेली. पण डोक्यावर ठेवलेला बाईंचा हात काही निघेना, म्हणून ती तशीच वाकून राहिली.